दर सोमवारची लाल पट्टी

“गोळी खाल्लीया. लिहून घे की. माझ्या तोंडाकडं काय बघतीस?”

चंद्रव्वानं खुर्ची पुढं ओढली. नर्स सोनमनं संगणकात ‘होय’ लिहिलं आणि पडद्यावर लाल पट्टी उमटली. रक्त पातळ करायच्या गोळीवर दुखीची गोळी, रक्तस्रावाचा धोका.

“आजी, कंबर दुखली म्हणून मेडिकलमधली गोळी खाऊ नका, किती वेळा सांगायचं?”

“आजी कुणाला म्हणतीस? माझ्या ल्योकाचं अजून लगीन व्हायचंय.”

भवानी पेठेतल्या त्या लहानशा इस्पितळात नवा सर्व्हर येऊन अकरा आठवडे झाले होते. जुन्या केसपेपरांची खोली रिकामी करून तिथं तो बसवला होता. पेशंट काय काय खातो ते त्यात घातलं की तो सगळी औषधं ताडून बघायचा, आणि वावगं दिसलं की लाल व्हायचा. कशाला लाल व्हायचं, ते नियम तिकडं लांब पुण्यात बसून एक इंजिनियर घालत होता. अजून चाचणी चालू होती. म्हणून लाल आलं की पाच मिनिटांत त्याचा फोन यायचा, माहिती नीट भरली का ते विचारायला.

आलाच. सोनमनं स्पीकर लावला.

“पेशंट समोर आहेत?”

“आहेत सर.”

“विचारा, जेवण वेळेवर होतं का.”

“सांग त्याला, आमी काय उपाशी मरत न्हाय.”

“झोप लागते का?”

“इच्यार त्याला, दुसऱ्याची झोप मोजायचा पगार मिळतो व्हय?”

पलीकडं कीबोर्डची टकटक झाली. मग आवाज म्हणाला, “ठीक. काळजी घ्यायला सांगा.”

सोनम हसली. म्हातारी कजाग आहे, एवढंच तिला कळत होतं. फोनवरचे सर म्हणजे चन्नवीर, चंद्रव्वाचा एकुलता एक मुलगा, हे तिला ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडची माणसं घरी आली होती. त्यांच्यासमोर चन्नवीर म्हणाला, “अव्वा आता भाकऱ्या विकत नाही.” आत तव्यावर तेव्हाच कडक भाकऱ्या शेकत होत्या, हॉटेलवाल्याच्या शंभर. त्याच भाकऱ्यांवर तो इंजिनियर झाला होता. चंद्रव्वा पिठाच्या हातानं बाहेर आली आणि पाहुण्यांदेखत बोलली, “इकते. ज्याला लाज वाटती त्यानं मला अव्वा म्हणू नये.”

पाहुणे चहा टाकून उठले. चन्नवीर पुण्याला गेला. त्याचा फोन तिनं तीनदा कापला. चौथा आला नाही.

तेव्हापासून घरात ती आणि तवा. भाकरी थापताना ती एकटीच भांडायची. उलट बोलायला कुणी नसल्यानं जिंकायचीही तीच. संध्याकाळी शेजारचे पॉवरलूम थांबले की घर इतकं गप्प व्हायचं, की ती उगाच भांडी घासायला काढायची.

पहिल्या सोमवारी रक्त तपासायला आली तेव्हा दुखीची गोळी तिनं खरंच खाल्ली होती. लाल आलं, फोन वाजला, आणि दोन वर्षांनी तो आवाज कानावर पडला. तिचं नाव त्याच्या पुढ्यात होतंच. त्यानं ओळख दाखवली नाही. मग ती बरी दाखवेल! पण तेव्हापासून तिनं दुखीची एकही गोळी तोंडात घातली नव्हती, आणि दर सोमवारी खाल्ली म्हणून सांगत होती.

बारावा सोमवार चाचणीचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून फोन यायचे नव्हते. आज ‘सांग त्याला’ म्हणायचं नाही, सरळ बोलायचं, असं ठरवून ती घरातून निघाली होती. नवं लुगडंही नेसली होती, जसं काही ते फोनमधून दिसणार होतं.

खोलीत डॉक्टर झीनत उभ्या होत्या.

“अकरा आठवडे ही गोळी खाल्ली असती तर ह्या बाई एव्हाना वॉर्डात असत्या,” त्या सोनमला सांगत होत्या. “तपासण्या सगळ्या स्वच्छ. खोटी हाकाटी करणारं यंत्र मला नको. आज परत लाल आलं तर मी तसं लिहून देणार.”

“मॅडम, सरांचं हे पहिलंच स्वतंत्र काम आहे. यंत्र परत गेलं तर कंपनी त्यांना ठेवत नाही.”

“ते त्यांनी आधी बघायचं.”

चंद्रव्वा खुर्चीत बसली. सोनमनं नेहमीचा प्रश्न विचारला, “गोळी खाल्ली?”

चंद्रव्वानं टेबलावरच्या फोनकडं पाहिलं.

“न्हाय.”

“ह्या आठवड्यात नाही?”

“पैल्या सोमवारनंतर एकबी न्हाय. खोटं बोलले.”

“अहो, पण का?” झीनत म्हणाल्या.

“तोंड माझं हाय. मशिनीचा दोष न्हाय, डाक्टरीणबाई. जे घालणार त्येच ती सांगणार. तेवढं लिवा तुमच्या कागदावर, आन् त्या पोराचं काम जाऊ देऊ नका.”

सोनमनं ‘नाही’ लिहिलं. चंद्रव्वा पडद्याकडं न बघताच उठली. आता पट्टी हिरवी होणार आणि फोन येणार नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती दारापर्यंत पोचली.

“आजी, थांबा.”

पट्टी लाल होती. फोन वाजू लागला.

“उचलू नको,” झीनत म्हणाल्या. “आधी कुठला नियम लागला तो काढ. चाचणी संपली म्हणून सर्व्हरचा पासवर्ड आलाय ना सकाळी?”

सोनमनं यादी उघडली. आत्ता लागलेला नियम सगळ्यांत वर होता. औषधाच्या नावाची जागा कोरी होती. नियम घातल्याची तारीख होती पहिल्या सोमवारच्या दुसऱ्या दिवसाची.

फोन वाजतच होता. सोनमनं मोठ्यानं वाचलं, “पेशंट चंद्रव्वा. गोळी खाल्ली असो वा नसो, दर सोमवारी लाल.”