वार्तासारातला शेवटचा परिच्छेद

उजेड आधी डोंगराच्या माथ्यावर आला. तिथून तो घाईने उतरला नाही. कारवीच्या रानावर थोडा रेंगाळला, गवतावर टेकला, मग निसवलेल्या भातखाचरांतून एकेक बांध ओलांडत विंझर गावच्या कौलांपर्यंत पोहोचला. खिडकीशी येईतो त्याचा केशरी रंग विरून गेला होता. गजांच्या पाच सावल्या आनंदाच्या कागदावर पडल्या आणि त्यांच्यामधल्या जागेत तो लिहू लागला.

समोर मानसिंगराव आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. निवृत्त मामलेदार, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुण्याहून आलेली वर्तमानपत्रे आनंदा त्यांना वाचून दाखवी. मग ते सांगत आणि तो लिही. आठवड्याला एक ‘वार्तासार’ तयार होई: जगाच्या बातम्या, जुन्या विचारांच्या माणसाने पारखलेल्या. आनंदा त्याच्या प्रती काढी आणि त्या मानसिंगरावांच्या समविचारी स्नेह्यांकडे जात.

“लिहा. व्होल्गेच्या काठी घराघरांतून लढाई चालू आहे. इथे पुढारी तुरुंगात आणि पोरे शाळेबाहेर. तारा तोडणाऱ्यांना कुणीतरी विचारावे, उद्या तुमची आई अत्यवस्थ झाली तर तार येणार कशी?” ते थांबले. “मोडायला एक दुपार पुरते, आनंदराव. उभे करायला तीन पिढ्या लागतात.”

आनंदाला ते पटे. हीच अडचण होती. बेचाळीसच्या त्या अश्विनात फौजदार ज्याला शोधत होता, तो तारा तोडणारा कोंडिबा त्याचा बालमित्र होता.

“आता तुमचा परिच्छेद.”

शेवटचा परिच्छेद आनंदाचा स्वतःचा असे: गावात काय चालले आहे, लोक काय बोलतात. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. या खोलीबाहेर त्याचे ऐकणारे कुणी नव्हते. त्याने हलक्या आवाजात वाचले, “गावात एक आई आहे. मुलगा महिनाभर घरी नाही. तरी ती रोज दोन भाकऱ्या जास्त थापते, आणि त्या थापताना गुणगुणते.”

“वा!” मानसिंगराव म्हणाले. “नाव नाही ना घातलेत?”

“नाही. मी कुणाचेच घालत नाही.”

“उत्तम. तीच सभ्यता.”

दुपारी प्रती रवाना झाल्यावर आनंदा खळ्याकडच्या गोठ्यात गेला. कोंडिबाची आई धोंडाबाई टोपली सोडत होती. माळ्यावरून कोंडिबा उतरला. दाढी वाढलेली, केसांत पेंढा.

“काय रं आनंदा, मामलेदाराच्या मांडीवर बसून लिवतोस. शाई तरी फुकट मिळती का?”

“मिळते.”

“मग हिटलरला लिव, म्हनावं आमच्या आयच्या कालवनात मीठ न्हाई.”

“गप मेल्या!” धोंडाबाई म्हणाली. “बेड्या पडायची येळ आली, पर जिभंला हाड न्हाई.” मग ती आनंदाकडे वळली. “ह्येच्या जोडीच्या म्हादूला नेला, चिमाजीला नेला. समदी म्हनत्यात, त्यो च्यावाला हैबतीच सांगतुया फौजदाराला. त्येच्या दुकानात आता कुतरं बी जात न्हाई.”

“मावशी, हैबती तसा नाही.”

“मंग कोन सांगतंय? वारा?”



“परवा पहाटं कोकनात उतरतो,” कोंडिबा म्हणाला. “एकदा खाली गेलो की न्हाई गावायचो. दोनच दिस काढायचेत. आय सोडली तर ही जागा तुलाच ठावं हाय.”

त्याने अर्धी भाकरी मोडून आनंदाच्या हातावर ठेवली. आनंदाला काहीतरी सांगायचे होते. त्याने भाकरीचा घास गिळला. सांगायचे ते त्याच्याबरोबर खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. आनंदा धावत निघाला. चावडीपुढे गाव गोळा झाले होते. कोंडिबाच्या हातांत बेड्या होत्या. धोंडाबाई रस्त्यातच बसली होती. हैबती आपल्या दुकानाच्या दारात उभा होता आणि कुणीतरी त्याच्या दिशेने थुंकले.

फौजदार गर्दीतून सरळ आनंदाकडे आला. गोठ्यातल्या माझ्या खेपा कळल्या, आनंदाला वाटले. आणि भीतीऐवजी त्याला सुटल्यासारखे झाले. त्याने दोन्ही हात पुढे केले.

फौजदाराने त्यातला एक हात प्रेमाने दाबला.

“आनंदराव आपणच ना? आपले वार्तासार मी चुकवत नाही. काय लिहिता हो! काल ती आई वाचली. आज नुसते तिच्या टोपलीमागून चालत आलो.”

कोंडिबाने मान वळवून पाहिले. धोंडाबाईनेही. मी कुणाचे नाव घातले नव्हते, असे आनंदा म्हणू लागला, आणि मध्येच थांबला.

दर आठवड्याला तो सात प्रती लिहून काढी, आणि पत्ते सहाच पाकिटांवर घाली. सातवी कुणाकडे जाते, ते त्याने कधी विचारले नव्हते.