निळं दार

"हं, मार!" बाबा ओरडले आणि धाकटीने किल्ली फिरवली.

स्टार्टर गरगरला. पत्रे थरथरले, सीटखाली कुठेतरी एक स्क्रू टणकन पडला, टपावर झोपलेलं मांजर उडी मारून पळालं. इंजिन मात्र ढिम्म. तरी बापलेकीचे चेहरे फुलले, कारण वर्षानुवर्षं बंद पडलेली घरची पिकअप चौदा महिन्यांच्या खटपटीनंतर आज पहिल्यांदा काहीतरी बोलली होती.

"फिरतंय! धाकटे, फिरतंय की गं!" बॉनेटखालून बाबांचं डोकं वर आलं. कपाळावर ग्रीसचा आडवा पट्टा. "आता एवढ्यात सुटेल बघ."

"दहाला दहा कमी आहेत, काका," फाटकापाशी स्टुलावर बसलेला भंगारवाला म्हणाला. त्याच्या पायाशी जाडजूड दोर होता. त्याला आईनेच बोलावलं होतं. तिची अट साधी होती. रविवारी सकाळी दहापर्यंत गाडी चालू झाली तर राहील. नाही तर भंगारात जाईल आणि कपडे वाळत घालायला अंगण मोकळं होईल. बाबांनी छातीठोकपणे शब्द दिला होता. तेव्हा रविवार चांगला पाच दिवस लांब होता.

खरं तर भंगारवाल्याचा जीव या गाडीत आईपेक्षा जास्त अडकला होता. अर्धी गाडी त्याच्याच ढिगाऱ्यातून आली होती. नव्या सामानाचा भाव ऐकून बाबा दुकानातून आल्या पावली परतले, त्यानंतर दोघांचे सगळे शनिवार त्याच्याकडे गेले. रेडिएटर एका टेम्पोचा. दोन आरसे दोन गाड्यांचे, त्यामुळे एकात मागचा रस्ता दिसायचा आणि दुसऱ्यात आभाळ. सगळी गाडी हिरवी आणि ड्रायव्हरशेजारचं दार निळं.

वायरींच्या बाबतीत मात्र बाबांनी तडजोड केली नव्हती. जे जिथून निघालं ते तिथेच परत जायचं, हा त्यांचा कायदा. धाकटीने सोडवताना एकेका वायरीला चिठ्ठी बांधली होती, एकशे बारा चिठ्ठ्या, आणि एकूण एक वायर जागच्या जागी लावली होती. "ही कशाची?" असं तिने विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं. "होती ना? मग लाव."

दुसऱ्यांदा किल्ली फिरली. तिसऱ्यांदा फिरली. डिझेल पोचत नव्हतं, एवढं आता दोघांना कळलं होतं. बाबांनी पाइप सोडवून हवा काढली, पुन्हा आवळला, पुन्हा सोडवला. हात डिझेलने माखले. इतक्या जवळ येऊन हातची जाते की काय, या विचाराने धाकटीला रडू आणि हसू एकदमच येत होतं. स्टार्टरचा आवाजही आता दमायला लागला होता. शेजाऱ्यांकडून मागून आणलेली बॅटरी किती दम धरणार?

"काका, माझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे," भंगारवाला हळूच म्हणाला.

आई धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. बादली तिने गाडीच्या मागे ठेवली, कोणाकडे न बघता निळं दार उघडलं आणि आत चढली.

"अगं, तू कुठे?"

"माझी उशी काढून घेते. मी शिवलीय ती. भंगारात नाही जायची."

उशी तिच्याच अंगाखाली होती, पण ती उठेना. समोरच्या काचेतून बघत राहिली. दार ओढलं, ते लागलं नाही. पुन्हा आपटलं, तेव्हा लागलं. तिने पदर सावरला आणि तिचा हात डॅशबोर्डखाली गेला, जिन्यातला दिवा लावायला अंधारात जातो तसा, न बघता.

टक्.

"आता मार," आई म्हणाली.

धाकटीने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, अडखळलं आणि एकदम धडधडायला लागलं. अख्खं अंगण हादरलं. बाबा बॉनेट सोडून जागच्या जागी नाचले. भंगारवाल्याने स्टूल लाथाडलं आणि शिट्टी मारली.

"काय केलंस तू?" बाबा खिडकीशी येऊन ओरडले.

"चोरबटण!" इंजिनच्या वर आवाज काढत आई म्हणाली. "ते दाबल्याशिवाय डिझेल सुटत नाही. गाडी पळवायला चोर आले होते, त्यानंतर तुम्हीच नाही का बसवलंत? तुम्ही उतरलात की मी बंद करायचं, तुम्ही बसलात की मी चालू करायचं."

"मग मला कसं आठवणार? मी ते कधी दाबलंच नाही!"

धाकटीला चिठ्ठी आठवली. अठ्ठ्याऐंशी नंबर. 'डॅशबोर्डखाली. कशाचं ते माहीत नाही.' ते काळं बटण तिने जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केलं होतं आणि इमानेइतबारे होतं तिथेच बसवलं होतं. तिला हसू आवरेना.

धुराचा काळा लोट बादलीतल्या पांढऱ्या चादरींवरून निवांत फिरत होता. आईला तो आरशात दिसला असणार. तिने फक्त अंगाखालची उशी नीट केली.

भंगारवाल्याने दोर खांद्यावर टाकला. "येतो मग, काकू."

"थांबा, दादा." आईने दार उघडलं आणि तिसऱ्यांदा आपटून लावलं. "शनिवारी हे दोघं येतील. हिरवं दार शोधून ठेवा. नीट लागणारं बघा, ही बाजू माझी आहे."