एका मताचं वजन

गुणाजी सरपंच एका मताने पडले.

फेरमोजणी झाली. पुन्हा एकाच मताने पडले. बाबल्या रिक्षावाला नारळ या निशाणीवर निवडून आला आणि नारळ हातात घेऊन नाचला. गुणाजींची निशाणी कपबशी. निवडून आले असते तरी ती काही घेऊन नाचण्यासारखी नव्हती.

"पन्नास मतांनी पडलो असतो तर म्हटलं असतं, गाव फिरला," घरी आल्यावर ते बायकोला, राहीबाईंना म्हणाले. "एका मताने पडलो म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी फुटला. एकच माणूस आहे. तो मी हुडकून काढणार."

"काढा," राहीबाई म्हणाल्या. "वरच्या वाडीपासनं सुरुवात करा."

गुणाजींचं गावात वजन होतं आणि काट्यावरही. दोन्ही वजनं जोडीने वाढली होती. सरपंच रस्त्याला उभे राहिले की येणारी पहिली फटफटी त्यांना उचलून न्यायची. जातील त्या घरी चहा. सरपंचांच्या चहात साखर वाढीव, कारण ती कमी पडली तर मान कमी पडला असं व्हायचं. हा मान वर्षानुवर्षं घेता घेता साखर रक्तात उतरली आणि रक्तदाब चढला. मतदानाच्या आदल्याच आठवड्यात चिपळूणच्या उझमा डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "काका, चाला. वजन उतरवा. चहा पार बंद, कपबशीला हात लावायचा नाही. नाहीतर पुढच्या खेपेला गोळ्या सुरू करीन, त्या जन्मभर. आणि हे असंच चाललं तर जन्म तरी किती उरलाय, ते मला विचारू नका."

"बाई, कपबशी तर माझी निशाणी," गुणाजी म्हणाले आणि पोट धरून हसले. धरायला पोट भरपूर होतं. त्यांचे वडील आणि थोरले भाऊ याच दुखण्याने साठीच्या आत गेले. ते गुणाजी सोयीने विसरले होते. राहीबाई विसरल्या नव्हत्या.

तर शोध सुरू झाला, आणि तो पायी. पडलेल्या माणसासाठी फटफटी थांबत नाही. थांबायची ती एकट्या बाबल्याची रिक्षा, आणि तीत बसण्यापेक्षा गुणाजी समुद्रात चालत गेले असते. वरची वाडी म्हणजे जांभ्या दगडाची खडी पाखाडी. पूर्वी गुणाजींनी तिचं उद्घाटन खालच्या पायरीवर उभं राहून केलं होतं. वरची पायरी त्यांनी आता पहिल्यांदा पाहिली. माणसं कामाला जायच्या आत गाठायची म्हणून ते उजाडताच निघू लागले.

"खरं सांग मालन, शिक्का कुठं मारलास?"

"कपबशीवरच ओ, देवाशपथ. बसा, चहा टाकते."

गुणाजी उठायचे. ज्याने मत फिरवलं त्याच्या घरचा चहा प्यायचा नाही, असा त्यांनी निश्चय केला होता. आणि ते कोणी फिरवलं हे ठाऊक नसल्यामुळे कोणाच्याच घरचा पिता येईना. घरी जेवायला बसले तरी समोरच्या भातात त्यांना बाबल्याचं तोंड दिसे आणि ते ताट सारत. राहीबाई आग्रह करीत नसत, आणि घरी चहाही टाकत नसत.

सगळ्या वाड्या संपल्या. अख्ख्या गावाने कपबशीची शपथ घेतली. या शपथा खऱ्या धरल्या तर बाबल्याला त्याच्या आईनेसुद्धा मत दिलं नव्हतं.

"धाकूला इचारलंत?" राहीबाई म्हणाल्या.

"धाकू पार डोंगरावर, सड्यावर राहायला गेला, काजूच्या बागेत. तो चढ कोण चढणार?"

"मंग ऱ्हावू दे. गद्दार काय आपल्या पायानं चालत घरी येणार हाय?"

गुणाजी दुसऱ्या दिवशी सड्यावर गेले. धाकू म्हणाला, आठवत नाही, विचार करून सांगतो. म्हणून ते रोज जाऊ लागले. पँट कमरेवर ठरेना, तेव्हा त्यांनी तिला सुंभ बांधला. गाव म्हणालं, सरपंचांनी हाय खाल्ली.

वर्ष सरता सरता राहीबाई त्यांना चिपळूणला घेऊन गेल्या. उझमाबाईंनी रक्त तपासलं, रक्तदाब दोनदा पाहिला, काट्यावर एकदा उभं केलं आणि मग काटाच तपासला.

"काका, सगळं जागेवर आलंय. कोणाचं औषध घेतलंत?"

"औषध कसलं? गद्दार शोधत होतो."

"मिळाला?"

"नाय अजून. धाकू विचार करतोय."

"करू दे त्याला," बाई म्हणाल्या. "घाई करू नका."

परतीच्या एसटीला वेळ होता. दोघं स्टँडच्या कँटीनमध्ये टेकली. इथला चहा गावातल्या कोणाच्याच घरचा नव्हता, म्हणून गुणाजींनी वर्षभराने एक चहा मागवला. तो आला, वाफाळता. ते त्याच्याकडे बघत बसले.

"राही, सगळ्यांना विचारलं. तुला एकटीला विचारायचं राहिलं. तुझा कोणावर संशय हाय?"

राहीबाईंनी त्यांच्यापुढची कपबशी उचलून आपल्याकडे घेतली, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली.

"डॉक्टरीणबाई दोघांना समोर बसवून बोलल्या होत्या, कपबशीला हात लावायचा नाय. तुमी ऐकला नाय. मी ऐकला."