समेवरची दाद

संगीत महोत्सवात माझं गाणं पहिल्यांदाच होतं आणि पहिल्या रांगेत आईशेजारी बाबा बसले होते. लहानपणापासून त्यांनीच शिकवलं, पण ‘तुझा सूर काही लागत नाही’ यापलीकडे कौतुकाचं एक अक्षर कधी ऐकलं नाही. आज मात्र तबलजीच्या बोटांवर नजर लावून ते बसले होते आणि प्रत्येक समेला त्यांचा हात बरोब्बर वर जात होता. त्यांच्याकडे बघून मागचे लोकही मान डोलवत होते. माझा जीव भांड्यात पडला. गाणं संपताच मी त्यांच्या पाया पडायला धावत खाली आले.



बाबा आईपुढे तळहात पसरून म्हणत होते, “संपलं ना तिचं? मग दे आता माझं कानातलं मशीन.”