रेडिएटरचा आवाज

अमेरिकेतल्या बफलोच्या त्या जुन्या घरात पहाटे तळघरातला बॉयलर पेटला, की लोरेटाच्या बाथरूममधला, वाफेने खोली तापवणारा रेडिएटर हातोडे मारल्यासारखा धडधडायचा. नेमकी तीच वेळ साधून तिचा नवरा डेनिस तिला आत ओढून भिंतीवर आपटायचा, बडवायचा.

"काय गं पोरी तुमचा रेडिएटर! घर पाडणार एक दिवस," खालच्या मजल्यावरच्या मिसेस नोवाक चर्चला जाताना म्हणायच्या.

डेनिस कामावर गेल्यावर लोरेटाने प्लंबर बोलावला. "आत पाणी साचतंय, बाई, म्हणून धडधडतो," म्हणत त्याने पाणी उतरून जावं म्हणून रेडिएटरच्या एका बाजूखाली लाकडी पाचरी सारल्या. "आता बाथरूम छान तापेल."

"नाही तापलं तरी चालेल. आवाज तेवढा बंद करा."

दुसऱ्या पहाटे वाफ मुकाट्याने चढली आणि डेनिसच्या पहिल्याच फटक्याला जिन्यावरून मिसेस नोवाकांची हाक आली, "डेनिस, दार उघड! हा रेडिएटर नव्हे!"