मधला ए

सिंगापुरात, आंग मो किओ भागातल्या ऑफिसात शिरीषला बढती मिळाली, ती मराठी माणसाच्या चुका पाठ असल्याबद्दल. वेबसाइटचं नाव टाइप करताना आपली मंडळी कुठलं अक्षर गाळतात, कुठलं जास्तीचं घालतात, ते तो अचूक सांगे. कंपनी ती चुकीची नावं आधीच घेऊन ठेवी आणि तिथे पोचलेल्या गिऱ्हाइकाला, जो पैसे मोजेल त्याच्या दुकानात नेऊन सोडी. "फसवणूक कसली त्यात? चुकलेल्याला रस्ता दाखवतो आम्ही," शिरीष पार्ट्यांमध्ये म्हणायचा.

चतुर्थीला लिमये वहिनी शिरीष-सविताच्या वुडलँड्सच्या फ्लॅटवर गणपतीच्या दर्शनाला आल्या. "सविता, रागावू नकोस हं, पण तुझ्या साइटवरून मागवलेले मोदक यंदा अगदी रबर झालेत गं."

सविताकडे यंदा त्यांची ऑर्डर आलीच नव्हती. तशी कुणाचीच फारशी आली नव्हती. तिने वहिनींचा फोन मागून घेतला. तिच्या साइटचं नाव 'उकडीचे'. वहिनींनी ते इंग्रजीत टाइप करताना मधला ए गाळला होता आणि त्या भलत्याच दुकानात जाऊन पोचल्या होत्या.

वहिनी गेल्यावर ती शिरीषला म्हणाली, "सगळे हाच ए खातात, अगदी तुझ्या आईसकट. ते चुकीचं नावही आपणच घेऊन टाकू या का?"

"ते केव्हाच गेलंय," मोदकावर तूप ओतत शिरीष म्हणाला.

सविताने तुपाचं भांडं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"न बघताच कसं कळलं?"