संस्थापकांचा फोटो

कपड्यांच्या दुकानाला साठ वर्षं झाली म्हणून कंपनीचा इतिहास छापून आला. उद्या प्रकाशन होतं, म्हणून मालकांनी एक प्रत कौतुकाने काउंटरवर ठेवली. मुखपृष्ठावर संस्थापक, म्हणजे त्यांचे आजोबा, कोट घालून रुबाबात उभे होते. आजोबांना पाहिलेलं घरात कुणी उरलं नव्हतं. जुन्या कपाटात सापडलेला हा एकच फोटो अकराही शाखांत लावलेला होता, आणि मालक रोज त्याला नमस्कार करूनच कामाला लागायचे.

पायमोजे घ्यायला आलेले एक म्हातारे गृहस्थ पुस्तक पाहून थबकले.

"अरेच्चा, हा तर मी," ते म्हणाले. "तेव्हा समोर घड्याळं दुरुस्त करायचो. तुमच्या आजोबांनी जाहिरातीसाठी कोट शिवला आणि मला हाक मारून त्यात उभं केलं."

"मग आजोबा कुठेत?"

"ते फोटो काढत होते."

मालकांनी पुस्तक उचलून स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरलं. "अहो, पण सगळे म्हणतात, माझं नाक हुबेहूब आजोबांवर गेलंय. हाच फोटो बघून म्हणतात."

म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला, मालकांचं नाक नीट न्याहाळलं आणि मग स्वतःचं चाचपून पाहिलं.

"माझ्यावर तर नाही बुवा गेलेलं," त्यांनी दिलासा दिला.